विहीणबाईंच्या कोंबड्या

"आधी कोंबड्या, मग नात," असं विहीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि विहीणबाई म्हणजे बोलून विसरणारं माणूस नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी पोस्टात काढली होती, त्यातली शेवटची अकरा पोस्टमास्तर म्हणून. पाकिटावर तिकीट कमी लावलं म्हणून ज्यांनी सख्ख्या भावाचं पत्र परत धाडलं, त्यांच्याकडून गादीवाल्याला सूट मिळेल अशी आशा करण्यात काही अर्थ नव्हता.

प्रकरण असं होतं. गादीवाल्याची एकुलती एक लेक शेजारच्याच घरात दिली होती; म्हणजे लग्न तरी शेजारच्या मुलाशी झालं होतं, पण नोकरीपायी दोघं राहायची दूर. लेक बाळंत झाली. तिची आई सहा वर्षांपूर्वीच गेलेली, आणि गादीवाला हा कितीही माया करणारा बाप असला तरी बाळंतिणीच्या खोलीत त्याचा उपयोग शून्य. म्हणून विहीणबाई गेल्या. चार महिन्यांनी जावयाची बदली इकडे व्हायची होती. मग सगळी मंडळी इथेच येणार, लेक पुन्हा प्रयोगशाळेत कामाला लागणार, विहीणबाई रोजच्यासारख्या सकाळी वाचनालय सांभाळायला जाणार. राहता राहिला प्रश्न एवढाच, की सकाळी नऊ ते एक बाळाला कोण बघणार? पाळणाघर, की आजोबा?

गादीवाल्याला आजोबा व्हायचं होतं. नुसतं नात्यानं नव्हे, कामानं. त्यानं नातीला आजवर एकदाच हातात घेतलं होतं, तेही दवाखान्यात, जेमतेम दोन मिनिटं, आणि नर्स शेजारी हात पसरून उभी होती. त्या दोन मिनिटांवर तो महिनोन्महिने जगत होता.

"तुम्ही?" विहीणबाई निघायच्या दिवशी म्हणाल्या होत्या. "व्याहीबुवा, दुकानाला कुलूप लावायचं तुमच्या लक्षात राहत नाही. चहाचं पातेलं किती वेळा जाळलंत?"

"दोनदा," गादीवाला म्हणाला.

"चारदा. वास आमच्या घरात येतो." मग त्यांनी परसातल्या खुराड्याकडे बोट केलं. "या सात जणी चार महिने नीट सांभाळून दाखवा. मग बघू. आधी कोंबड्या, मग नात."

या सात जणी म्हणजे विहीणबाईंचा जीव की प्राण. निवृत्तीच्या दिवशी पोस्टातल्या लोकांनी त्यांना शाल दिली नाही, घड्याळ दिलं नाही, खोक्यात घालून सात पिल्लं दिली. सगळ्यांना वाटलं, बाई चिडणार. बाईंनी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून खुराडं बांधून घेतलं आणि पिल्लांची नावं ठेवली. तार, पार्सल, पाकीट, पोस्टकार्ड, रजिस्टर, मनीऑर्डर आणि तिकीट. आता दीड वर्षात त्या चांगल्या भरल्या होत्या, तांबूस, तुकतुकीत. तार सगळ्यांत चपळ, आणि अंडी द्यायलाही सगळ्यांत पुढे.

पहिले अडीच महिने गादीवाल्याची परीक्षा दृष्ट लागावी अशी चालली होती. दुकान आणि विहीणबाईंचं परस यांच्या मधे एक भिंत, भिंतीत एक बुटकं दार. सकाळी तो त्या दारातून वाकून जायचा, पाणी बदलायचा, दाणे टाकायचा, अंडी गोळा करायचा. संध्याकाळी सातला विहीणबाईंचा फोन यायचा.

"कशा आहेत?"

"मजेत. आणि तिकडे?"

"मजेत."

दोन्हीकडून शब्द एकच, आणि फोन खाली. जास्तीची अंडी समोरच्या दंतवैद्याला द्यायची असा हुकूम होता, तोही तो पाळत होता. दुकानाचं कुलूपसुद्धा तो या काळात एकदाच विसरला.

मग दिवस लहान व्हायला लागले, आणि एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर आत उशी फाटल्यासारखी पिसं पसरलेली. गादीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. मांजर? कुत्रं? त्यानं घाईघाईनं मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सातच. रक्ताचा थेंब नाही. पण तारेच्या मानेवर एकही पीस नव्हतं, आणि तिची ती उघडी, लालसर मान बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी फोन आला. "कशा आहेत?"

"मजेत," गादीवाला म्हणाला. तोंडातून सवयीनं निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ते परत कसं घ्यायचं हे काही त्याला सुचेना.

खोट्याचं एक वाईट असतं, ते एकटं राहत नाही. आठवडा गेला तशी तारेची पाठ उघडी पडली, मग छाती. पार्सलची मान गेली. पोस्टकार्ड उघडी पाठ घेऊन हिंडू लागली. अंडी हळूहळू कमी होत बंदच झाली. "किती दिली?" असं विहीणबाईंनी विचारलं की हा म्हणायचा, "पाच." दंतवैद्याला अंडी गेली नाहीत तर बातमी फुटणार, म्हणून हा गडी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणायचा, त्यांवरचा शिक्का ओल्या फडक्यानं पुसायचा आणि टोपलीत घालून समोर नेऊन द्यायचा. दंतवैद्य एक दिवस म्हणाला, "घरच्या अंड्याची चवच वेगळी हो!" गादीवाला मान डोलावून घरी आला आणि कपाळाला हात लावून बसला.

तरी एक गोष्ट त्याच्या हाताला पहिल्यापासून खटकत होती. पिसं हा त्याचा धंदा. चाळीस वर्षं त्यानं कापूस पिंजला आणि उश्यांत बदकाची पिसं भरली. डोळे मिटून चिमटीत धरलं तरी पीस कशाचं, कुठल्या अंगाचं, हे तो सांगू शकायचा. आठवड्याभरानं डोकं जरा थंड झाल्यावर त्यानं खुराड्यातली मूठभर पिसं दुकानात आणली आणि दिव्याखाली एकेकाचा देठ तपासला. प्रत्येक देठ कोरडा, टोकाला निमुळता, बंद झालेला. ओरबाडून काढलेल्या पिसाच्या टोकाला कातडीचा कण राहतो, कोवळं असेल तर रक्त लागतं. इथे तसं काहीच नव्हतं. पिकलं पान पडावं तशी ती आपसूक पडली होती. म्हणजे हे कुणी केलेलं नव्हतं. मग उरला रोग.

रोग या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान उघडं टाकून तो थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला.

"वय किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकसष्ट."

"तुमचं नाही हो. कोंबड्यांचं."

"दीड वर्ष."

डॉक्टर हसले. त्यांनी पुढे केलेली पिसं बघितली आणि परत त्याच्याच हातात दिली. "रोग नाही, काही नाही. पिसं टाकतायत. दीड वर्षाच्या झाल्या, दिवस लहान झाले, की जुनी टाकायची आणि नवी घ्यायची. आधी मान, मग पाठ, छाती, पंख, शेपूट शेवटी. तोवर अंडी बंद. पीस घडवायला सगळी ताकद लागते, दोन कामं एकदम कशी होणार?"

"आमची तार तर पार सोलून काढल्यासारखी झालीय."

"अंडी जास्त देते का ती?"

"सगळ्यांत जास्त."

"मग बरोबर. चांगल्या कोंबडीचं हे असंच. एकदम टाकते, एकदम नवी घेते. जी कामचुकार असते ती एकेक पीस टाकत महिनोन्महिने लावते आणि वर दिसते मात्र छान."

"औषध काय देऊ?"

"औषध कसलं? सुकी मासळी द्या, सूर्यफुलाच्या बिया द्या, वारं लागू देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, हात लावू नका. नवी पिसं कोंबांसारखी वर येतात, आतून रक्तानं भरलेली. नुसता हात लागला तरी दुखतं त्यांना."

गादीवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता कुणी म्हणेल, शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी फोनवर सगळं सांगून मोकळं व्हावं. अहो, पण सांगणार कसं? तोवर कित्येक दिवस पाच-पाच अंडी सांगून झाली होती. पिसांचं खरं सांगायचं तर अंड्यांचं खोटं बाहेर येणार, आणि विहीणबाई विचारणार, मग अंडी आणलीत कुठून? त्यानं हिशेब केला की विहीणबाई यायला अजून महिना आहे, तोवर पिसं येतील, ताकास तूर लागणार नाही. गादीवाल्याचे हिशेब नेहमी असे सोयीचे असायचे.

पण काम त्यानं मन लावून केलं, हे त्याच्या शत्रूनंही कबूल करावं. खुराड्याला गादीच्या जाड कापडाचे पडदे शिवून लावले. तळाशी पेंढ्याचा असा काही थर घातला, की गिऱ्हाइकाला दाखवावा. मासळी भिजवून, कुस्करून ठेवू लागला, त्यामुळे दुकानाला वास यायला लागला आणि एक गिऱ्हाईक नाक धरून परत गेलं. दुपारी तो परसात स्टूल टाकून बसायचा. पूर्वी तार त्याच्या मांडीवर उडी मारून बसायची. आता ती जवळ यायची आणि हातभर अंतरावर थांबायची, तोही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मानेवर निळसर काटे उगवलेले दिसले आणि मग त्या काट्यांच्या टोकांना नवी पिसं फुटली, ओल्या ब्रशासारखी. गादीवाल्याला इतका आनंद झाला की त्यानं दुकानाला अर्धा दिवस सुट्टी दिली. ती कशाबद्दल, हे मात्र कुणाला सांगता येईना.

पडलेली पिसं त्यानं फेकली नव्हती. खरं तर कोंबडीचं पीस उशीच्या कामाचं नाही. बदकाचं पीस वाकतं, कोंबडीचं सरळ आणि टोचरं. पण चाळीस वर्षांच्या हाताला पीस फेकवत नाही. रोज झाडून तो ती एका पोत्यात भरायचा. पोतं अर्धं झालं होतं.

आणि जावयाची बदली तीन आठवडे आधीच आली. बाबांना चकित करू, असं लेकीनं ठरवलं. जावई सामानाच्या गाडीबरोबर मागून येणार होता. दुपारी साडेबाराला विहीणबाई, लेक आणि बाळ टॅक्सीतून उतरल्या. विहीणबाई घरात न जाता पिशव्यांसकट आधी परसात गेल्या.

त्यांनी पाहिलं ते असं. मधोमध स्टुलावर त्यांचे व्याही बसलेले. दोन पायांत पिसांचं पोतं. चिमटीत एक पीस, उन्हाकडे धरून निरखणं चाललेलं. आणि भोवती त्यांच्या सात लाडक्या, कुणाला मान नाही, कुणाला शेपूट नाही, तार तर अंगभर काटे घेऊन उभी.

विहीणबाईंच्या हातून पिशवी पडली. "उपटलीत?" त्या म्हणाल्या. "उशीवाल्या माणसाच्या हाती कोंबड्या दिल्या, माझीच अक्कल गहाण पडली होती! माझ्या कोंबड्या उपटून उश्या भरल्यात?"

"नाही हो विहीणबाई! गळली ती."

"सातही जणींची? एकदम? मी पाठ फिरवल्यावर?"

"बाबा," मागून बाळाला खांद्यावर घेतलेली लेक म्हणाली, "हे काय आहे?"

गादीवाल्याला बोलता येत नव्हतं, पण पिसांबद्दल येत होतं. त्यानं मूठभर पिसं विहीणबाईंच्या पुढे केली. "देठ बघा. उपटलेलं असतं तर टोकाला कातडी असती. हे बघा, सगळी टोकं बंद." मग त्यानं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दीड वर्षाचं वय, लहान झालेले दिवस, बंद झालेली अंडी. "आणि कोंबडीचं पीस मी उशीत भरीन? गिऱ्हाईक डोक्यात हाणेल."

विहीणबाईंनी चष्मा लावला. पोस्टातल्या माणसाला पुरावा दिला की तो बघतो. त्यांनी दहा-बारा पिसं उलटसुलट करून पाहिली, पडदे पाहिले, पेंढा पाहिला, मासळीची वाटी हुंगली. "पिसांचं पटलं," त्या म्हणाल्या. गादीवाल्यानं श्वास सोडला, तो जरा लवकरच सोडला. "महिना होत आला या गोष्टीला. महिनाभर मी रोज विचारतेय, आणि तुम्ही रोज 'मजेत' म्हणताय. अंडी बंद होती ना? मग पाच-पाच कुठली?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातली," गादीवाला म्हणाला.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? उद्या तुमच्याकडे लेकरू ठेवलं, त्याला ताप आला, तर मी वाचनालयातून फोन करीन आणि तुम्ही म्हणाल, मजेत!"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे ते त्याला पोतंभर पिसांच्या आरोपापेक्षा जास्त लागलं. "भीती वाटली," तो म्हणाला. "खरं सांगितलं तर तुम्ही नात देणार नाही, असं वाटलं."

"आणि आता देऊ?"

मग लेकच बोलली. "आई, तुम्हीसुद्धा बाबांना रोज 'मजेत' म्हणत होतात. दुसऱ्या महिन्यात मला चार दिवस ताप होता. एकशेतीन."

गादीवाला उठून उभा राहिला. "एकशेतीन? मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही दुकान टाकून धावत आला असता," विहीणबाई म्हणाल्या.

"आलोच असतो!"

"म्हणून नाही सांगितलं." त्यांचा आवाज खाली आला, पण मान नाही. "ते माझं चुकलं. पण माझं चुकलं म्हणून तुमचं बरोबर होत नाही."

"नाही होत," गादीवाला म्हणाला. त्याला त्या क्षणी नात हातची गेल्यासारखीच वाटली.

विहीणबाईंना तिथे उभं राहवेना. त्या वळल्या, तारेपाशी वाकल्या, आणि तिला उचलून पोटाशी घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ये गं माझी बाय, काय दशा झाली तुझी..."

"हात लावू नका!"

गादीवाला इतक्या जोरात ओरडला की पाकीट आणि पोस्टकार्ड फडफडत भिंतीपर्यंत पळाल्या. लग्न ठरल्यापासून चार वर्षांत त्यानं विहीणबाईंपुढे आवाज चढवला नव्हता. खरं तर पुरतं वाक्यही क्वचितच बोलला होता. आत्ता तर मऊपणानं घ्यायची वेळ होती, एवढं त्यालाही कळत होतं. तरी तो मधे येऊन उभा राहिला.

"माझी कोंबडी आहे ती," विहीणबाई म्हणाल्या.

"असू दे. दुखतं तिला. ते काटे आहेत ना, आत रक्त असतं, एक मोडला तरी वाहतं. अजून दहा दिवस कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. नात दिली नाहीत तरी चालेल, पण तारेला मी उचलू देणार नाही."

विहीणबाई वाकलेल्या तशाच राहिल्या. मग सावकाश सरळ झाल्या. "तुम्ही कधीपासून हात लावला नाहीत?"

"अडीच आठवडे झाले. जवळ बसतो नुसता."

तार दोघांच्या मधून निघून मासळीच्या वाटीकडे गेली. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"समजा ताप आला," त्या म्हणाल्या. "काय करणार?"

"कुणाला? तारेला?"

"नातीला!"

गादीवाला गडबडला. "आधी तुम्हाला फोन करीन."

"आधी डॉक्टरांना. मग मला. आणि पातेलं जळलं तर तेही सांगायचं."

"सांगीन. पातेलं जळणारच, विहीणबाई, ते आत्ताच सांगून ठेवतो."

लेक हसली, तशी तिच्या खांद्यावरची पोर जागी झाली आणि तोंड वाकडं करून रडण्याच्या तयारीला लागली. विहीणबाईंनी तिला लेकीकडून घेतलं. गादीवाल्यानं हात धोतरा-फितराला नव्हे, चांगल्या धुतलेल्या टॉवेलाला पुसले, दोनदा पुसले, आणि मग काय करावं ते न कळून ते मांडीशी धरून उभा राहिला, रोज दुपारी तारेजवळ बसताना धरायचा तसेच.

"आता का थांबलात?" विहीणबाई म्हणाल्या आणि बाळ त्याच्यापुढे धरलं. "हिला हात लावलेला चालतो."

गादीवाल्यानं नातीला घेतलं. ती रडायची थांबली नाही, उलट जोरातच रडली, आणि तो तिला घेऊन परसात फेऱ्या मारायला लागला.